पडद्यासमोरचा श्वास

मार्च 2025 च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्रीची शेतं खणायला लागले. कुणाच्या हातात टॉर्च, कुणाकडे मोबाइलचा उजेड, काहींकडे तर चक्क धातू शोधायची यंत्रं. रस्त्याच्या कामात निघालेली माती तिथल्या शेतात येऊन पडली होती आणि त्या मातीत मोगली अमदानीतली सोन्याची नाणी सापडतात, अशी बोलवा होती. पण माणसांच्या झुंडी कुदळ-फावडी घेऊन अंधारात बाहेर पडल्या त्या संभाजी महाराजांवरचा 'छावा' हा चित्रपट पाहिल्यानंतर. त्या चित्रपटात बुऱ्हाणपूरवरचा मराठ्यांचा छापा आहे, मोगलांचा खजिना आहे. त्या रात्रींचे व्हिडिओ देशभर फिरले, प्रशासनाला धाव घ्यावी लागली आणि शेतांत खड्डे तेवढे उरले.

या बातमीवर पुष्कळ जण हसले. मी मात्र थक्क झालो. बुऱ्हाणपूर लुटलं गेलं ते 1681 च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि हंबीरराव मोहित्यांच्या फौजेनं तीन दिवस ती श्रीमंत मोगली पेठ धुऊन काढली. ही त्या मार्चच्या 344 वर्षं आधीची गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकांत ती कधीपासून आहे, पण ती वाचून कुणी फावडं खांद्यावर टाकल्याचं ऐकिवात नाही. पांढऱ्या पडद्यावर पडलेला उजेड मात्र थेट माणसाच्या हातापायांत उतरला. हे होतं कसं?

बुलढाणा जिल्ह्यात बसून हा प्रश्न विचारायला आणखी एक कारण आहे. नकाशा उघडून पाहा. जिल्ह्याच्या वरच्या अंगाला सातपुडा, जळगाव जामोदच्या पलीकडे मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा. खालच्या अंगाला सिंदखेड राजा. तिथं लखुजी जाधवांच्या वाड्यात 12 जानेवारी 1598 ला जिजाऊंचा जन्म झाला, आणि दर वर्षी त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना त्यांच्या आई सईबाई गेल्या. त्यांना वाढवलं ते आजीनं, म्हणजे सिंदखेडच्या या लेकीनं. चित्रपटाच्या नायकाची आजी जिल्ह्याच्या एका टोकाची आणि त्यातला पहिला मोठा छापा दुसऱ्या टोकाच्या लगेच पलीकडचा. मधल्या गावांतला प्रेक्षक तिकीट काढून आत जातो तेव्हा तो परक्याची गोष्ट पाहायला जात नाही.

खामगावच्या एका चित्रपटगृहात माझ्या पुढच्या रांगेत एक आजी आणि तिचा आठ-नऊ वर्षांचा नातू बसले होते. चित्रपटात संभाजी महाराज नुसत्या हातांनी सिंहाशी झुंजतात. तिथं पोरगं खुर्चीवर उभं राहिलं. मागच्या रांगांतून शिट्ट्यांचा असा जोर झाला की पडद्यावरची डरकाळी त्यात बुडून गेली. आजी पदर सावरून ताठ बसली होती. मध्यंतरात तिनं डब्यातले मुरमुरे त्याला दिले, स्वतः खाल्ले नाहीत. शेवटच्या अर्ध्या तासात, संगमेश्वरात महाराज पकडले गेल्यानंतर, तिचे खांदे हलायला लागले. पोरगं गोंधळून म्हणालं, "आजी, तू कायले रडून राह्यली? पिक्चर हाय ना!" आजीनं डोळे पुसले नाहीत. "गप रे," ती म्हणाली, "जिजाऊचा नातू हाय तो." थोड्या वेळानं पोरगंही रडत होतं. चित्रपट संपल्यावर कुणीतरी महाराजांच्या जयघोषाची गारद द्यायला सुरुवात केली आणि अख्खं थिएटर उभं राहिलं.

असं सगळीकडे झालं. 14 फेब्रुवारी 2025 ला लक्ष्मण उतेकरांचा हा चित्रपट लागला आणि पुढच्या काही दिवसांत त्याच्या प्रेक्षकांचेच व्हिडिओ गावोगाव फिरायला लागले. लहान लेकरं हुंदके देत गारद देताहेत, माणसं हात जोडून उभी आहेत, नागपुरात तर एक जण महाराजांच्या वेशात घोड्यावर बसून चित्रपटगृहात आला. विकी कौशल हा नट आहे, समोर पडदा आहे, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि शेवट काय होणार, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. 11 मार्च 1689 ला महाराजांचा अंत कसा झाला हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागतं?

माझ्या मते सगळ्यात मोठं नवल इथंच आहे. पुढचं माहीत नसतं म्हणून माणसं थरारतात, असं आपण धरून चालतो. पण अचाट बळाच्या नायकाचे चित्रपट पाहताना सर्वांत मोठी आरोळी उठते ती माहीत असलेल्या जागी. 26 एप्रिल 2019 ला 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' भारतात लागला. त्यात एका क्षणी थॉर या देवाचा हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हाती येतो आणि त्या क्षणी जगभरच्या चित्रपटगृहांत माणसांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ज्यानं त्या मालिकेतलं आधी काहीच पाहिलं नव्हतं, त्याला शेजारचे का किंचाळताहेत ते कळलंच नसेल. तो हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो, आणि 2015 च्या चित्रपटात याच कॅप्टननं जोर लावल्यावर तो केसभर हलला होता. प्रेक्षकांनी तो केसभर चार वर्षं जपून ठेवला होता. 2008 च्या 'आयर्न मॅन'पासून मोजलं तर 'एंडगेम' हा त्या मालिकेतला बाविसावा चित्रपट. म्हणजे पडद्यानं काडी ओढली, दारू प्रेक्षकानं अकरा वर्षं साठवलेली होती.

'छावा'च्या प्रेक्षकाकडे तर याहून मोठं कोठार होतं. चौथीचं इतिहासाचं पुस्तक, शिवाजी सावंतांची कादंबरी, जत्रेतला पोवाडा, आजीच्या तोंडची गोष्ट, 12 जानेवारीची सिंदखेडची गर्दी. हे सगळं घेऊन तो अंधारात बसतो. म्हणून प्रतिक्रिया चित्रपट लागायच्या आधीच सुरू झाल्या होत्या. जानेवारीत झलक आली, तीत महाराज लेझीम खेळताना दिसले, लोकांनी तीव्र हरकत घेतली आणि दिग्दर्शकानं ते दृश्य काढून टाकलं. अजून एकही तिकीट फाटलं नव्हतं, पण लोकांच्या मनातला चित्रपट केव्हाच चालू झाला होता.

आता शरीराकडे येऊ. सिंहाच्या झुंजीला अंगावर काटा येतो तो कशानं? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. भय, थंडी किंवा तीव्र भावना यांनी मज्जासंस्थेचा आपोआप चालणारा भाग जागा झाला की हा स्नायू आखडतो आणि केस उभा राहतो. दाट केस असलेल्या जनावराला त्याचा उपयोग आहे, ते फुगून मोठं दिसतं, ऊब धरून ठेवतं. आपले केस कधीचेच विरळ झाले, स्नायू मात्र राहिला. लाखो वर्षांपूर्वी शत्रू समोर आल्यावर जे होत असे ते आज नव्वद रुपयांच्या खुर्चीत बसून होतं, कारण तो स्नायू तिकीट पाहत नाही. त्याला फक्त हुकूम येतो.

आणि हा हुकूम सगळ्यांना एकाच वेळी येतो. 2004 साली उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत पाच जणांना, एकेकट्याला, मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या चित्रपटाचा अर्धा तास दाखवला. कुठं पाहायचं, काय विचार करायचा, काहीही सांगितलं नाही. पाचही जणांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा मोठा भाग एकाच लयीत कमी-जास्त होत राहिला. माणसं वेगळी, वेळ वेगळी, पण चेहरा जवळून दिसला की सगळ्यांचे तेच भाग पेटत होते, हाताची हालचाल दिसली की दुसरे. पुढे 2021 मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की एकच गोष्ट लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोकेही बरोबरीनं कमी-जास्त होतात, मग ती आपापल्या ठिकाणी एकटी का बसलेली असेनात. अट एकच, लक्ष गोष्टीत हवं. लक्ष उडालं की ठोके आपापल्या वाटेनं जातात.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त चकित केलं ते जर्मनीतल्या माइंझ शहरातल्या एका प्रयोगानं. तिथल्या मॅक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेत जोनाथन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी हवेतल्या वायूंचा अभ्यास करतात. त्यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात शहरातल्या एका बहुपडदा चित्रपटगृहाच्या हवा बाहेर टाकणाऱ्या नळीला आपलं यंत्र जोडलं. 16 चित्रपट, 108 खेळ, साडेनऊ हजार प्रेक्षक. प्रेक्षकांच्या अंगाला कुणी काही लावलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. फक्त त्यांनी सोडलेली हवा दर अर्ध्या मिनिटाला तपासली.

'हंगर गेम्स'च्या दुसऱ्या भागाच्या चारही खेळांत आलेखावर त्याच त्या जागी टोकं उभी राहिली. नायिकेचा पोशाख पेट घेतो तिथं एक, शेवटची लढाई सुरू होते तिथं दुसरं. प्रेक्षक दर खेळाला नवे, टोकं तीच. त्या क्षणी हवेत कर्बवायू आणि आयसोप्रीन नावाचा एक वायू एकदम वाढत होता. आयसोप्रीन आपल्या स्नायूंत साठलेलं असतं. स्नायू आवळले, माणूस खुर्चीत सावरून बसला की ते रक्तात येतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. विनोदी जागांचे ठसे वेगळे आणि थराराचे वेगळे. नुसत्या हवेवरून पडद्यावर काय चाललंय याचा अंदाज बांधता येत होता! आपण म्हणतो, थिएटरमध्ये वातावरण तापलं होतं. ते वातावरण मोजता येतं, त्याला रसायनं आहेत, ती नळीतून बाहेर जातात.

या उसळीचं पुढे काय होतं, तेही पाहायला हवं, कारण दिवे लागले म्हणून ती विरत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात मांडलेली गोष्ट अशी की एका प्रसंगानं शरीर तापलं की ते निवायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात समोर जे येईल त्याला ती ऊर्जा चिकटते. राग येईल तर दुप्पट येतो, माया येईल तर तीही दुप्पट. गुजरातमध्ये भरूचच्या एका चित्रपटगृहात 'छावा' चालू असताना एका माणसानं पुढे जाऊन पडदाच फाडला. संभाजी महाराजांचे हाल त्याला पाहवले नाहीत. समोर शत्रू नव्हता, फक्त कापड होतं. हे वाचून मला त्या माणसाची काळजी वाटली, आणि चित्रपट करणाऱ्यांच्या खांद्यावर केवढं ओझं असतं तेही जाणवलं. हजारभर माणसांचे स्नायू एकाच वेळी आवळायचं सामर्थ्य हातात असणं ही गंभीर गोष्ट आहे. ज्याच्या हाती ते आहे त्यानं कोणता क्षण कशासाठी ताणायचा, याचा विचार शंभरदा करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हे सामर्थ्य आपल्याकडे पहिल्यांदा ओळखलं ते एका मराठी माणसानं, आणि तेही स्वतः प्रेक्षक होऊन. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 1910 च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या तंबूच्या चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहायला गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण यायला लागले. ते पुन्हा गेले, पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन. पैसे नव्हते, डोळे अधू झाले, तरी तीन वर्षांत 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि 3 मे 1913 ला कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाची सुरुवात कॅमेऱ्यापासून सांगतात. मला ती त्या तंबूतल्या खुर्चीपासून सांगावीशी वाटते, कारण एका प्रेक्षकाच्या मनात पडद्यावर नसलेला चित्रपट चालू झाला, तिथून पुढचं सगळं निघालं.

मग 1917 मध्ये आला 'लंकादहन'. आजच्या भाषेत सांगायचं तर आपला पहिला सुपरहिरोपट. नायक उडतो, समुद्र ओलांडतो, एकटा शत्रूच्या राजधानीत शिरतो आणि ती पेटवून परत येतो. हनुमान आकाशात वर वर जाताना लहान लहान होत ढगांत दिसेनासा होतो, हे दृश्य लहानपणी पाहिलेल्यांना म्हातारपणीही आठवत होतं. संगणक नाही, आवाज नाही, रंग नाही. अण्णा साळुंके या एकाच नटानं रामही केला आणि सीताही केली, आणि प्रेक्षकाला त्यात काहीच खटकलं नाही. रामाची आकृती पडद्यावर आली की लोक पायातल्या चपला काढत, हात जोडत. मुंबईत पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ लावावे लागले. मद्रासला तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून, पोलीस सोबत घेऊन न्यावी लागली, असं सांगतात.

चपला काढणारा तो प्रेक्षक भोळा होता, असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. समोर कापड आहे हे त्यालाही कळत होतं. चित्रपट पाहायला येताना तो कीर्तनातला हनुमान, रामलीलेतला हनुमान, गावच्या वेशीवरचा शेंदराचा मारुती घेऊन आला होता. फाळक्यांनी त्या मारुतीला उडवलं. एकशे आठ वर्षांनी सिंदखेडच्या लेकीच्या नातवाला सिंहाशी झुंजताना पाहून खामगावचं पोरगं खुर्चीवर उभं राहिलं, आणि त्याच्या केसांच्या मुळाशी तोच स्नायू आखडला.

प्रेक्षकाच्या या वागण्याची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती वाचताना मी पुन्हा चकित होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात, सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशाबद्दल आहे. नाटक जमलं की नाही हे कशावरून ओळखायचं? भरतमुनी रंगमंचाकडे पाहत नाहीत, प्रेक्षागृहाकडे पाहतात. मग यादी येते. प्रेक्षक स्मित करतो, अर्धवट हसतो, खदखदून हसतो. वाहवा म्हणतो. आश्चर्यानं उद्गारतो. अरेरे म्हणतो. सगळे मिळून गलका करतात. हे झालं तोंडानं. शरीरानं काय होतं? अंगावर रोमांच उभे राहतात. माणसं जागेवरून उठून उभी राहतात. अंगावरची वस्त्रं, बोटातल्या अंगठ्या काढून रंगमंचाकडे फेकतात. शिट्टी आणि मोबाइलचा उजेड सोडला तर फेब्रुवारी 2025 मधलं काही या यादीतून सुटलं आहे का? थिएटरात पडद्यावर चिल्लर उधळणारी माणसं अनेकांनी पाहिली असतील. त्यांनी नाट्यशास्त्र वाचलेलं नव्हतं.

या सगळ्याला भरतमुनी मानुषी सिद्धी म्हणतात, माणसांकडून मिळालेलं यश. त्याच्या वरची एक पायरी आहे, दैवी सिद्धी. तिची खूण अशी की प्रेक्षागृह पुरतं भरलेलं आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, चुळबूळ नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भरल्या प्रेक्षागृहात मागे उभं राहून हे पाहिलं असणार आणि टाळ्यांपेक्षा हे मोठं, असं ठरवलं असणार. 'छावा'च्या शेवटच्या भागात शिट्ट्या मारणाऱ्या रांगाही अशाच बसून होत्या.

त्या वेळी प्रेक्षक काय करत होते हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आरोळी ऐकू येते, उभं राहणं दिसतं, न हलणं कसं मोजणार? माइंझच्या यंत्राला मात्र ते मोजता येतं. स्नायू आवळलेले असतात, श्वास रोखलेला असतो, आणि तो सुटला की नळीतून जे बाहेर पडतं त्यात ती मिनिटं लिहिलेली असतात. याच संशोधकांनी पुढे 2018 मध्ये आणखी चित्रपट घेऊन दाखवलं की आयसोप्रीनच्या प्रमाणावरून कोणता चित्रपट कोणत्या वयाच्या मुलांना दाखवावा याचाही अंदाज बांधता येतो. आपल्याकडे असा प्रयोग कुणी करावा, अशी माझी फार इच्छा आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, कुठलंही गाव चालेल. पडद्यावर बुऱ्हाणपूर पेटतं तिथं एक टोक उठेल, सिंहापाशी दुसरं, याबद्दल मला शंका नाही. मला पाहायचंय ते संगमेश्वरानंतरचा आलेख कसा जातो ते, आणि माइंझच्या प्रेक्षकाला हाच चित्रपट दाखवला तर तिथं, जिजाऊ कोण हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या श्वासात, त्या जागी काय उमटतं ते.